पाच भाषा झाल्या, एडिटर एकच राहिला

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४:१०

रिलीज तीनला संपला, झोप काही येत नाहीये आणि बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. विषय आमच्या कामातला आहे, प्रोग्रॅमिंगच्या भाषा, एडिटर म्हणजे ज्यात कोड लिहितो तो प्रोग्रॅम, बाकीची हत्यारं वगैरे, पण जे प्रोग्रॅमर नाहीत त्यांनीही वाचा, कारण शेवटी हे सगळं अक्षरांबद्दलच आहे.

मला कोड लिहायला लागून १९ वर्षं झाली. कॉलेजात टर्बो सी, तो निळा स्क्रीन. पहिल्या नोकरीत जावा, मग टेलिकॉमच्या एका प्रोजेक्टवर पर्ल, मग पायथन आणि गेली सहा वर्षं गो. पाच भाषा. यातल्या पर्लमध्ये मी अडीच वर्षं दिवसरात्र होतो आणि आज माझाच जुना कोड उघडला तर कुठे डॉलर लावायचा आणि कुठे ॲट हे आठवायला वेळ लागतो. पण पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात टीममधल्या एका सीनियर मॅडमनी मला सर्व्हरवर लॉगिन करून दिलं आणि म्हणाल्या, इथे माउस नाही, हा व्हीआय एडिटर आहे, आय दाबलं की लिहायचं, एस्केप दाबलं की थांबायचं, कोलन डब्ल्यू क्यू केलं की सेव्ह होऊन बाहेर. पाच मिनिटांची शिकवणी. ती मी आज रात्रीसुद्धा वापरली, फक्त आता व्हीआयच्या जागी त्याचाच पुढचा अवतार विम आहे.

व्हीआय बिल जॉयने १९७६ साली बर्कलीत लिहिला. त्याच्याकडचं टर्मिनल होतं एडीएम-३ए, त्याला वेगळ्या ॲरो की नव्हत्याच, एच जे के एल या चार कळांवरच बाण छापलेले होते, आणि एस्केप आज जिथे टॅब असतो तिथे होती म्हणजे डाव्या करंगळीशी. मोडेम ३०० बॉडचा, सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं, म्हणजे ८० बाय २४ चा पडदा पूर्ण भरायला मिनिटाच्या वर लागणार. म्हणून कमी कळांत जास्त काम होईल अशी त्याची सगळी रचना. लोक म्हणतात व्हीआय विचित्र आहे, मला तसं कधीच वाटलं नाही, त्याला व्याकरण आहे. डी म्हणजे काढ, डब्ल्यू म्हणजे शब्द, डी-डब्ल्यू म्हणजे शब्द काढ. नवीन क्रियापद शिकलं की सगळ्या नामांबरोबर ते आपोआप चालतं. सहा-सात क्रियापदं आणि दहाएक नामं यावर माझी १९ वर्षं गेली.

विम हा ब्राम मोलेनारचा, १९९१ मध्ये अमिगावर पहिल्यांदा बाहेर आला आणि ब्राम त्यावर शेवटपर्यंत काम करत राहिला. फुकट दिला, फक्त एवढंच सांगितलं की जमलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा, ते एडिटर उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. ३ ऑगस्ट २०२३ ला तो गेला. ती बातमी वाचली तेव्हा मी विममध्येच काम करत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या संस्थेला पैसे पाठवले, इतकी वर्षं का नाही पाठवले याचं वाईट वाटलं.

आणि ग्रेप, फाइलींत शब्द शोधून देणारं हत्यार. ग्रेपचं नावच एका एडिटरच्या कमांडवरून आलंय. ईडी नावाचा जुना एडिटर, केन थॉम्प्सनचा, १९६९ चा, त्यात सगळ्या फाइलीत एखादा नमुना शोधून त्या ओळी छापायच्या तर जी, मग रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे आरई, मग पी असं लिहायचं. जी-आरई-पी. तेच पुढे वेगळं काढून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. हाच थॉम्प्सन १९९२ मध्ये रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये जेवायला बसला असताना यूटीएफ-८ ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीची, रचना कागदाच्या टेबलमॅटवर मांडतो, आणि २००९ मध्ये गो आली तेव्हा ती बनवणाऱ्या तिघांत हाही असतो. मी आज जेवतो ते या एका माणसाच्या चार कामांवर जेवतो असं म्हटलं तरी चालेल.

तर माझं म्हणणं असं की नवीन पोरं भाषेवर भांडतात, रस्ट शिकू की गो शिकू, आणि हत्याराकडे बघतच नाहीत. भाषा कंपनी ठरवते, क्लायंट ठरवतो, पाच वर्षांनी बदलते. साधी टेक्स्ट फाइल, ती उघडणारा एडिटर, त्यात शोधणारा ग्रेप आणि एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारा पाइप, हे राहतं. माझ्या २००६ पासूनच्या सगळ्या नोंदी टेक्स्ट फाइलींत आहेत आणि एक फाइल आजवर उघडली नाही असं झालेलं नाही.

तुमच्याकडे काय टिकलं ते सांगा.

अर्धविराम | शुक्रवार, सकाळी ९:२५

छान लिहिलंय दादा, ब्रामचं माहीत होतं पण युगांडाचं नव्हतं.

पण थोडी असहमती. मी चार वर्षं झाली नोकरीला, व्हीएस कोड या एडिटरवरच वाढलो आणि मला ते हत्यार म्हणून कमी वाटत नाही. तुम्ही म्हणता हत्याराकडे बघत नाहीत, मी बघितलं म्हणूनच सांगतो. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला ना, त्याच्या आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची, दहा एडिटर आणि वीस भाषा तर दोनशे प्लगिन. आता भाषेवाले एक सर्व्हर लिहितात, एडिटरवाले एकदा प्रोटोकॉल शिकतात, झालं. आणि तुमच्या विमचा नवा अवतार निओविम, त्यालाही आज जे फंक्शनची व्याख्या दाखव, सगळीकडे नाव बदल हे जमतं ते त्याच प्रोटोकॉलमुळे. म्हणजे नव्या हत्याराने जुन्यालाच हात दिला.

दुसरं, डिबगर. ग्रेपने लॉग म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदी शोधून मी एक बग दोन दिवस शोधत होतो, मग डिबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅम मध्येच थांबवला आणि वीस मिनिटांत सापडला, व्हेरिएबल तिसऱ्याच थ्रेडमधून बदलत होतं. लॉगमध्ये ते कधी दिसलंच नसतं कारण तिथे कोणी लॉग लिहिलाच नव्हता.

बोर्डवाला | शुक्रवार, सकाळी ११:०२

एम्बेडेडमध्ये आहे, म्हणजे यंत्रांतल्या बोर्डांसाठी कोड लिहितो, त्यामुळे भाषा बदलण्याचा प्रश्नच आला नाही, सी ती सीच, २२ वर्षं. क्लायंटच्या लॅबमध्ये इंटरनेट नसतं, पेनड्राइव्ह गेटवर काढून घेतात, आत जे मशीन आहे त्यावर जे आहे त्यावर काम करायचं. तिथे व्हीआय असतो. हे एवढं कारण मला पुरेसं आहे.

मेकबद्दल, म्हणजे सुट्या फाइलींतून प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या हत्याराबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९७६ चं, बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमनचं. कमांडच्या ओळीआधी टॅबच पाहिजे, स्पेस चालत नाही, यावर आमच्याकडे दर वर्षी नव्या पोराचा एक दिवस जातो. फेल्डमनला ही चूक लवकरच कळली होती पण तोवर दहा-बारा लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नको म्हणून त्याने तसंच ठेवलं. दहा-बारा लोकांसाठी! आज ५० वर्षं होत आली आणि जगभर टॅब दाबतायत. तेव्हापासून मी कुठलाही फॉरमॅट ठरवताना पहिल्या आठवड्यातच जास्तीत जास्त विचार करतो, वापरणारा एकच माणूस असला तरी.

लॅब नंबर तीन | शुक्रवार, दुपारी १:४०

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. टर्बो सीचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही.

कितीतरी ठिकाणी अजूनही तोच निळा स्क्रीन डॉसबॉक्समध्ये, म्हणजे आजच्या मशीनवर जुना डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून प्रॅक्टिकल होतात. त्रास असा की मुलं जे पाठ करतात ते आजच्या मशीनवर खोटं असतं. इंट म्हणजे पूर्णांक दोन बाइटचा, जास्तीत जास्त ३२७६७, हे टर्बो सीवर बरोबर कारण तो १६ बिटचा, आणि मुलगा तेच उत्तर इंटरव्ह्यूत देतो आणि समोरचा म्हणतो चार बाइट. मुलगा म्हणतो मॅडमनी शिकवलं. सी प्लस प्लसचं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं, टर्बो त्याच्या आधीचा, त्यामुळे हेडर फाइलीची नावंसुद्धा आजच्या कंपायलरला चालत नाहीत.

मी दोन वर्षांपूर्वी माझ्या बॅचपुरता जीसीसी हा आजचा कंपायलर आणि साधा एडिटर सुरू केला. पहिले तीन आठवडे मुलं कंपायलरचा एरर वाचायलाच तयार नसायची, लाल दिसलं की हात वर. मग मी नियम केला, एरर मोठ्याने वाचायचा आणि ओळ नंबर सांगायचा, त्याशिवाय मी बाकापाशी येणार नाही. दिवाळीपर्यंत निम्म्या मुलांना माझी गरज उरली नाही. रात्रपाळी, तुमचं हत्याराबद्दलचं म्हणणं मी याच कारणाने मान्य करते, मुलांना भाषा येत नव्हती असं नाहीच, त्यांना कंपायलर काय सांगतोय ते ऐकण्याची सवय नव्हती.

नवाकोरा | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

आता कोपायलट वगैरे एआयच अर्धा कोड लिहून देतात तर एडिटरच्या कळा शिकायच्या कशाला असं खरंच वाटतं. मनापासून विचारतोय, वाद घालायला नाही.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०:३०

नवाकोरा, मीही वापरतो. पण त्यामुळे माझं टायपिंग कमी झालं आणि वाचन वाढलं. आधी दिवसाला माझ्या स्वतःच्या दोनशे ओळी वाचायचो, आता दुसऱ्याने लिहिलेल्या हजार. फाइलीत उड्या मारणं, दोन आवृत्त्या शेजारी लावून बघणं, हे फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते शोधणं, हे सगळं एडिटरचंच काम आहे आणि ते आता जास्त लागतं.

अर्धविराम, डिबगरबद्दल पूर्ण सहमत. थ्रेडचा बग लॉगने शोधायला जाणं ही माझीही जुनी खोड आहे.

मॅडम, एरर मोठ्याने वाचायचा नियम मी आमच्या टीममध्ये लावतोय सोमवारपासून.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ८:५०

मी प्रोग्रॅमर नाही, बँकेत आहे, थोडं पायथन स्वतः शिकले. धागा आवडला पण तुमचं एक वाक्य मला टोचलं म्हणून लिहितेय. टेक्स्ट फाइल टिकते.

माझे बाबा १९९७ ते २००५ तालुक्याच्या एका साप्ताहिकात शेतीवर सदर लिहायचे. हाताने लिहायचे आणि डीटीपीवाला टाइप करायचा. बाबा गेल्यावर त्या माणसाने आठवणीने सीडी आणून दिली, त्यात १४३ फाइली, सगळ्या साध्या टेक्स्ट. उघडतात. आणि आत काय दिसतं तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह, डॉलर, आकडे, सगळं एकत्र, एक शब्द वाचता येत नाही. फॉन्ट कुठला होता ते त्यालाही नीट आठवत नाही. म्हणजे फाइल टिकली दादा, पण बाबांचं एक अक्षर टिकलं नाही.

आणि दुसरं, मी स्वतः युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइलींतही ग्रेपला समोर दिसणारा शब्द सापडत नाही असं दोनदा झालंय. त्यामुळे हे सगळं टिकतं-बिकतं ते इंग्रजीवाल्यांचं, असं मला वाटायला लागलंय.

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी १०:२०

कृष्णाकाठ ताई, तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्ही वेगळ्या आहेत. मी मराठी मजकुरावरच काम करतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

आधी ग्रेपचं. शब्द घ्या दऱ्या. त्यातला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ हे एकच अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दोन, साधा र, वेगळा नुक्ता आणि मग पाय मोडलेला. तीन, साधा र, पाय मोडलेला आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. तिन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, ग्रेपच्या लेखी तीन वेगळे शब्द. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं. एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन केलं की पहिले दोन एक होतात, पायथनच्या युनिकोडडेटामध्ये आहे ते. तिसरा मात्र तसाच राहतो, तो आपणच शोधून बदलायचा. माझ्याकडे कुठलाही मराठी मजकूर आला की पहिलं काम हेच असतं.

लांबी मोजायला गेलात तर मराठी या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो, म र काना ठ वेलांटी. गो १५ सांगते कारण ती बाइट मोजते, यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. स्विफ्ट ही भाषा ३ सांगते, म्हणजे बालवाडीतलं पोर जे सांगेल ते. जोडाक्षर आलं की आणखी वेगळं, क्षि हे एक अक्षर धरायचं की दोन तुकडे, तर सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत युनिकोडचा नेहमीचा नियमसुद्धा दोन तुकडे म्हणायचा.

आणि पायथनची एक गोष्ट मला अजून खटकते. पायथन ३ मध्ये मराठी हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं. पण त्याच पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला विचारा की यातला शब्द उचल, बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस, तर तो मर आणि ठ असे दोन तुकडे देतो, काना आणि वेलांटी त्याला शब्दाचा भागच वाटत नाहीत. वेगळं रेजेक्स मॉड्यूल इन्स्टॉल केलं की हा त्रास जातो, मी तेच वापरतो.

अर्धविराम | शनिवार, सकाळी ११:०५

गोमध्ये तर व्हेरिएबलसुद्धा चालत नाही! आत्ता करून बघितलं. घर चालतं, दार चालत नाही. कारण गोच्या नियमात नावात फक्त अक्षर, आकडा आणि अंडरस्कोअर, आणि काना युनिकोडच्या हिशेबाने अक्षर नाही, चिन्ह आहे. रस्टमध्ये २०२१ पासून चालतं.

बोर्डवाला | शनिवार, सकाळी ११:३०

क्रम लावण्याचंही तेच. नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर कळवा आधी आणि कवठे नंतर, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसवलाय. आपल्या वर्णमालेत ळ ह च्याही पुढे. गावांची यादी असली की हे लगेच डोळ्यांत येतं. आयसीयू नावाची युनिकोडची लायब्ररी वापरून मराठी लोकेल म्हणजे मराठीचे नियम दिले की बरोबर लागतं, नुसत्या सॉर्टवर सोडू नका.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १२:१५

कृष्णाकाठ ताई, तुमचं म्हणणं मान्य. मी टेक्स्ट फाइल टिकते म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात माझ्या फाइली होत्या आणि त्या इंग्रजीत आहेत. दारचं वाचून तर मला खरंच वाईट वाटलं, ज्या माणसाने यूटीएफ-८ दिलं त्याच्याच भाषेत दार लिहिता येत नाही.

पण तुमच्या १४३ फाइली गेलेल्या नाहीत. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असायचा, म्हणजे फाइलीत जे आहे ते कुठली कळ दाबली त्याची नोंद आहे. कळा शाबूत आहेत. कुठल्या कळेला कुठला आकार एवढा तक्ता बनवायचा. छापील अंक आहेत का एखादा? एक लेख छापलेला आणि तोच फाइलीतला, असे शेजारी ठेवून तक्ता बनेल.

काम कॉपीवर करा, मूळ सीडीला हात लावू नका, आणि कॉपीच्या फोल्डरमध्ये गिट सुरू करा, ते फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवतं. गिट लिनक्सच्या कर्नलसाठी लिहिलं गेलं २००५ मध्ये, पण १४३ लेखांनाही तेवढंच उपयोगी पडतं, प्रत्येक पायरीनंतर कमिट केलंत की कुठल्या बदलाने काय बिघडलं ते दिसतं.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी ३:४०

आईने सगळे अंक बांधून ठेवलेत. आज काढते.

ऑर्गवाली | शनिवार, संध्याकाळी ७:०० (म्युनिक)

वाचतेय सगळं, ताईंसाठी दोन गोष्टी सांगते. टर्मिनलमधल्या विममध्ये हे काम करू नका, टर्मिनलला प्रत्येक अक्षर एका चौकोनात बसवायची सवय असते आणि आपल्या वेलांट्या, रफार एकमेकांवर चढतात, मग चूक मजकुरात आहे की दिसण्यात हेच कळत नाही. ईमॅक्स हा दुसरा एडिटर २७ व्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवून दाखवणारी हार्फबझ लायब्ररी वापरतो, जोडाक्षरं नीट दिसतात. मी गेली अकरा वर्षं घरचा हिशेब आणि डायरी ईमॅक्सच्याच ऑर्ग मोडमध्ये मराठीत लिहिते, एका खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदींसाठी बनवलेलं आहे ते, २००३ चं.

आणि ईमॅक्सची स्वतःची देवनागरी इनपुट मेथड आहे, कंट्रोल बॅकस्लॅशने चालू-बंद. विममध्ये मला हा त्रास फार व्हायचा, इन्सर्टमध्ये मराठी लिहायचं, एस्केप दाबायचं आणि कीबोर्ड मराठीच राहिला तर पुढची कमांड लागूच होत नाही. रात्रपाळी, तुम्ही इतकी वर्षं विममध्ये मराठी कधी लिहिली नाहीत का?

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९:२०

नाही लिहिली. फोनवर लिहितो मराठी. १९ वर्षांत एकही नोंद मराठीत नाही, हे तुम्ही विचारल्यावर आत्ता लक्षात आलं.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११:१०

तीन रात्री बसले. फेब्रुवारी १९९९ चा एक लेख घेतला, द्राक्षावरच्या रोगावर, आणि तक्ता बनवला, ९० च्या वर चिन्हं झाली. पायथनमध्ये सरळ बदल करायला घेतलं तर अर्धं वाचता येतंय, अर्धं नाही. परिस्थिती हा शब्द कुठेच नीट येत नाही, स ला वेलांटी लागून मग पाय मोडतोय. मर्त्यचं मत्र्य झालंय. आणि ख च्या जागी काहीतरी भलतंच.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ७:४५

उत्तम चाललंय, हे सगळे ठरलेले अडथळे आहेत.

ख चं कारण असं की या फॉन्टमध्ये बरीचशी अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी बनलेली असतात. तक्त्यातल्या लांब जोड्या आधी बदला, एकेकटी चिन्हं सगळ्यात शेवटी. नाहीतर आधी अर्धं अक्षर बदलून जातं आणि काना एकटा उरतो.

वेलांटीचं, टाइप करणारा जशी दिसते तशी पहिली वेलांटी आधी दाबायचा आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. म्हणून तिला उचलून पुढे न्यायची, पण एका अक्षराच्या पुढे नाही, मधली सगळी पाय मोडलेली अक्षरं ओलांडून पहिल्या पूर्ण अक्षराच्या पुढे. स्थि मध्ये स् ओलांडून थ च्या पुढे.

रफार बरोबर उलटा. तो शेवटी दाबलेला असतो, त्याला मागे न्यायचं, काना-मात्रा ओलांडून आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या आधी. तुम्ही एकच अक्षर मागे नेलात म्हणून मत्र्य झालं.

क्रम असा ठेवा, आधी तक्ता, मग वेलांटी, मग रफार, शेवटी एनएफसी.

लॅब नंबर तीन | बुधवार, दुपारी १२:३०

ताई, परवानगी असेल तर वेलांटी आणि रफारचा हा प्रश्न माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना देते, फाइली न देता, नुसता प्रश्न. स्ट्रिंगवरचा इतका चांगला प्रॉब्लेम मला पुस्तकात मिळालेला नाही.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ९:०५

अवश्य द्या मॅडम.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:३०

झालं. म्हणजे जवळजवळ झालं. सगळ्या १४३ वर स्क्रिप्ट चालवली, पहिली फाइल उघडली आणि पहिलं वाक्य होतं, यंदा पाऊस मृगात आला आणि आर्द्रात गेला. मी ते दोन-तीनदा वाचलं.

अडलंय ते असं, बाबांनी मध्ये मध्ये इंग्रजी शब्द लिहिलेत, औषधांची नावं, बीडीओ वगैरे, ते डीटीपीवाल्याने इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केले असणार, पण टेक्स्ट केल्यावर फॉन्ट गेला आणि माझ्या स्क्रिप्टने त्यांचंही देवनागरी करून टाकलंय, अर्थहीन. ते हाताने करतेय, गिटमुळे मूळ कळा शेजारी दिसतात त्यामुळे सोपं जातंय. आई शेजारी बसते आणि जिथे मला मूळ बघूनही कळत नाही तिथे ती सांगते कुठलं औषध असेल, तिला ती फवारणी आठवते.

आणि तक्त्यात एक चिन्ह राहिलंय, इंग्रजी उलट्या स्वल्पविरामासारखं, नेहमी य च्या आधी येतं, एकदाच ह च्या आधी. सगळ्या फाइलींत मिळून ६१ वेळा. छापील अंकात ती जागा नेमकी घडीवर आहे, पुसलीय. कोणाला काही सुचतंय का?

बोर्डवाला | रविवार, संध्याकाळी ५:५०

शेतकऱ्यांना मधला आडवा र असणार. नुक्तावाला ऱ आणि पाय मोडका, असं टाकून बघा.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:०२

बसलं. ६१ च्या ६१. आणि ह च्या आधीचं ते एकटं, कुऱ्हाड.